एकतीस जानेवारी, शुक्रवार

लेस्टर,
७ ऑक्टोबर २००२

सिरिल,

'प्रिय' लिहिलं नाही, हे तुझ्या मास्तरी नजरेला दिसलंच असेल. साडेतीन वर्षांनी पत्र लिहितेय, तेही रागातच, त्यामुळे उगाच साखर पेरत नाही. मी जिवंत आहे. गुडघे गेलेत, दात कधीच गेले, जीभ मात्र शाबूत आहे.

कामाचं बोलते. परवा पोस्टाच्या दुकानात पुढच्या वर्षाची कॅलेंडरं आली. तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान पाहिलं. एकतीस जानेवारी शुक्रवारी येतोय. तुमचं साप्ताहिक 'बीकन' निघतं शुक्रवारी, आणि तुझं 'आजच्या तारखेला' हे सदर त्या एकाच दिवसाचं असतं. म्हणजे एकतीस जानेवारी तुझ्या हाती लागतो तो असा क्वचित कधीतरी. मागे सत्त्याण्णव साली लागला होता. पुढे लागेल तो दोन हजार चौदात. तेव्हा मी ब्याण्णव वर्षांची असेन, म्हणजे नसेनच.

सत्त्याण्णव साली काय छापलंस, आठवतंय? गाय फॉक्सला फासावर दिलं, सोळाशे सहा. लंडनला गुप्तरोगांचा पहिला दवाखाना उघडला, सतराशे सत्तेचाळीस. आणि तळाला एक ओळ. एकोणीसशे त्रेपन्न, पूर्व किनाऱ्यावर समुद्र आत शिरला, इंग्लंडात तीनशे सात मृत्यू. मी तुला फोन करून विचारलं, यात आपली हेझल कुठेय? तर म्हणालास, 'एनिड, हेझलची तारीख पाच फेब्रुवारी.' पोरांचे पेपर तपासतात त्या आवाजात म्हणालास. माझी चार वर्षांची पोर रात्रभर छपरावर गारठली आणि पुढच्या गुरुवारी इस्पितळात वारली, म्हणून ती पुरात गेलीच नाही. सरकारच्या आकड्यात नाही, आणि चर्चच्या भिंतीतल्या दगडावरही नाही, कारण दगड फक्त बुडालेल्यांचा.

बरं बाबा, पाच फेब्रुवारी तर पाच फेब्रुवारी. नव्व्याण्णव साली तीही तारीख शुक्रवारी आली. मी टपालाने आलेला अंक दारातच फोडला. तू लिहिलं होतंस, 'एकोणीसशे त्रेपन्न: मिठाईवरचं रेशन उठलं. देशभर मुलांनी दुकानांपुढे आनंदाने रांगा लावल्या.' त्या दिवशी मी 'बीकन'ची वर्गणी बंद केली आणि तुझ्याशी बोलणंही.

आता मागणं एकच. या एकतीस जानेवारीला तिचं नाव छाप. पूर्ण नाव, हेझल मार्गरेट काइम, वय चार. गुप्तरोगाच्या दवाखान्याला जागा मिळाली, तर तिलाही मिळेल.

एनिड

सॉल्टर्सबी,
२१ ऑक्टोबर २००२
(१८०५: ट्रफल्गारची लढाई)

प्रिय एनिड,

तुझं अक्षर पाकिटावरूनच ओळखलं. दोन दिवस ते पाकीट किटलीला टेकवून ठेवलं होतं. शेवटी मनाचा हिय्या करून उघडलं. तू बरी आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावत जा.

मिठाईच्या ओळीबद्दल. ती मी संदर्भाच्या पुस्तकातून उचलली. लिहिताना दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि यायला हवं होतं. झालं ते वाईट झालं.

एकतीस जानेवारीबद्दल मात्र तुला समजून घ्यावं लागेल. सदराला एक शिस्त आहे. घटना ज्या तारखेला घडली त्याच तारखेला ती जाते, आणि घटना देशाच्या इतिहासातली लागते. एकदा सूट दिली की उद्या प्रत्येकजण आपापली आजी घेऊन माझ्या दारात उभा राहील. मी आयुष्यभर मुलांना तारखा शिकवल्या. स्वतःच्या बहिणीसाठी तारीख सरकवली, तर मग त्या शिकवण्याला काय अर्थ राहिला? पाच फेब्रुवारी पुन्हा शुक्रवारी येतो दोन हजार दहा साली. तेव्हा पाहता येईल.

सदराचं म्हणशील तर मी अजून लिहितो. दर मंगळवारी सकाळी, नेहमीसारखा. बाकी इथे ठीक आहे. गॅनेट म्हातारा होऊन मेला, त्यानंतर कुत्रा आणला नाही. संध्याकाळी बंधाऱ्यावर एकटाच चालून येतो.

तुझा भाऊ,
सिरिल

लेस्टर,
२८ ऑक्टोबर २००२

सिरिल,

दोन हजार दहा. वा. तोवर मी श्वास रोखून धरते.

नाकाने कांदे सोलायची तुझी सवय शाळेतून निवृत्त झाल्यावर तरी जाईल असं वाटलं होतं. तुझ्या ट्रफल्गारला ज्यांच्या पायात गोळ्या घुसल्या आणि जे नोव्हेंबरात कुजून मेले, ते बिचारे कुठल्या लढाईत मेले रे? घरी आजारी पडून?

ऐक. आमच्या या इमारतीत सगळी म्हातारी माणसं. खाली एक बैठकीची खोली आहे, तिथे दुपारी चहा होतो. शेजारच्या मिसेस पोलार्डची तीन मुलं आहेत, एकही फिरकत नाही. परवा ती मला म्हणाली, 'एनिड, तू सुखी. तुला मूल नव्हतं, म्हणून वाट पाहणंही नाही.' मी चहात बिस्किट बुडवून खाल्लं आणि हो म्हटलं. दहा वर्षं मी तिच्या शेजारी राहतेय आणि तिला ठाऊक नाही. कुणालाच नाही. मी विधवा होऊन, स्टॅनला जाऊन एकवीस वर्षं झाली. हेझलचं नाव शेवटचं मोठ्याने घेतलं ते त्याने, इस्पितळात, भ्रमात.

मी गेले की ते नाव तोंडात असलेलं एकही माणूस या जगात उरणार नाही. तू घेणार नाहीस, तुला तारीख पाहावी लागते. म्हणून मला ते छापून हवंय. फुलापानांच्या चौकटीतली शोकजाहिरात नको, ती पैसे देऊन कुणीही देतं. राजेरजवाड्यांच्या ओळीत हवंय. तिला काय कमी पडलं होतं?

नाही म्हणायचं असेल तर पत्र लिहू नकोस.

एनिड

सॉल्टर्सबी,
१४ नोव्हेंबर २००२
(१९४०: कॉव्हेंट्रीवर बाँबहल्ला)

प्रिय एनिड,

वर लिहिलेली तारीख पाहा. तुझं पत्र आल्यापासून ती माझ्या डोक्यात घोळतेय. त्या रात्री कॉव्हेंट्रीत जे भाजले, ते पुढे कितीतरी दिवस इस्पितळांत मरत राहिले. दरवर्षी ही तारीख मी वर्गात फळ्यावर लिहिली आणि पुढे सरकलो. आज सकाळी पहिल्यांदा मनात आलं, त्या माणसांना मी कुठे टाकलं? कुठेच नाही. तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, त्यात एकाही पोरानं मला हे विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तू जिंकलीस. एकतीस जानेवारीच्या मजकुरात हेझल असेल. पूर्ण नाव, वय, सगळं. शब्द देतो.

आता माझी अडचण सांगतो. मी तिला नीट ओळखतच नव्हतो. तेव्हा मी सैन्याच्या नोकरीत जर्मनीत होतो, आणि त्याआधी पाहिलं तेव्हा ती रांगत होती. तिने माझा टाय ओढला होता एवढं आठवतं. परत आलो तेव्हा तुम्ही लेस्टरला निघूनही गेला होतात. जिच्याबद्दल लिहायचं तिच्याबद्दल काही माहिती नको का? तुला जमेल तेवढं सांग. नाही जमलं तरी चालेल.

सिरिल

लेस्टर,
२६ नोव्हेंबर २००२

प्रिय सिरिल,

'प्रिय' लिहिलंय बरं का. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

तू विचारलंस म्हणून सांगते. स्टॅनशीही मी हे कधी बोलले नाही. तो गेला तोवर आम्ही दोघं त्या गोष्टीला वळसा घालून चालत राहिलो. रात्री दिवा मालवला की दोघांनाही कळायचं दुसरा जागा आहे, आणि दोघंही झोपेचं सोंग घ्यायचो.

शनिवार होता, म्हणजे आंघोळीचा वार. शेकोटीपुढे पत्र्याचा टब ठेवला होता. हेझल त्यात बसून चमच्याने फेस ढवळत होती. सूप करतेय म्हणाली, तुला वाढू का? मी तिचे केस धुतले. मग पाहते तर जमिनीवर पाणी. मला वाटलं टब गळतोय. तिनेही वाकून पाहिलं आणि म्हणाली, 'आई, नळ कोणी उघडा ठेवला?' तेवढ्यात दारच आत आलं.

स्टॅनने आम्हाला खिडकीतून छपरावर चढवलं. मी तिला आधी टॉवेलात गुंडाळलं, मग टेबलावरच्या कापडात, मग माझ्या कोटात. पण केस ओले होते, सिरिल. आंघोळीचा वार नसता तर केस कोरडे असते. पन्नास वर्षं मी या एका गोष्टीवर बसून आहे. जेवताना, भांडी घासताना, बसची वाट पाहताना. वार दुसरा कुठला असता तर.

ती रडली नाही. उजाडेपर्यंत तिचे प्रश्न चालू होते. मांजर कुठे गेलं, उद्या रविवारची शाळा आहे का, समुद्र आपल्या घरी कधी जाणार. स्टॅन म्हणाला, नाश्ता झाला की जाईल. तर मला म्हणते, 'त्याला आपलं डुकराचं मांस नको देऊस, ते बाबांचं आहे.' सकाळी होडी आली. आतल्या गावात शाळेत घोंगड्या होत्या, चहा होता, नर्स म्हणाली पोर ठणठणीत आहे. सोमवारी ताप चढला. गुरुवारी दुपारी गेली. त्याच दुपारी रेशन उठलं म्हणून वॉर्डातल्या सगळ्या मुलांना मिठाई वाटली. वाटणारी पोरसवदा होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती हेझलच्याही उशाशी ठेवून गेली. तुझी ती ओळ मला का लागली, ते आता कळलं असेल.

पुढच्या वर्षी दगड बसवायचा ठरला, तेव्हा स्टॅन विचारायला गेला होता. पाद्री म्हणाले, वाईट वाटतं, पण हा दगड बुडालेल्यांचा आहे. मग स्टॅनने टोपी डोक्यावर ठेवली आणि लेस्टरची गाडी पकडली. त्यानंतर आम्ही दोघांनीही त्या गावात पाऊल ठेवलं नाही.

यातलं काय घ्यायचं ते तू ठरव. मला फक्त नाव पुरे. आणि त्या शुक्रवारचे दोन अंक पाठव, एक मला आणि एक मिसेस पोलार्डच्या तोंडावर टाकायला.

तुझी,
एनिड

सॉल्टर्सबी,
१६ डिसेंबर २००२
(१६५३: क्रॉमवेल राज्यरक्षक झाला)

प्रिय एनिड,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जे येईल ते लिहितो.

सदर बंद झालंय. जूनमध्येच. 'बीकन' नव्या मालकांनी घेतलं आणि माझ्या जागेवर आता जुन्या गाड्यांच्या जाहिराती येतात. तुला लिहिलं होतं की मी दर मंगळवारी लिहितो. ते खरं आहे. लिहितो आणि खणात ठेवतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला सांगता आलं नाही. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या सदरावर भांडायला आलं होतं. सदर बंद झालं तेव्हा गावात एकाही माणसानं विचारलं नाही, सिरिल, या शुक्रवारी काय झालं म्हणून. मासळीवाल्यानंही नाही, आणि तो माझा विद्यार्थी होता. तेरा वर्षं लिहिलं, एनिड. कुणाला पत्ताही लागला नाही.

मग तुला शब्द कसा दिला? मला वाटलं, जाऊन मागितलं तर एका शुक्रवारपुरतं मिळेल. गेलो. संपादकबाई तरुण आहेत, चांगल्या आहेत, स्वतः उठून चहा आणला. पुराच्या पन्नाशीचा खास अंक निघणार आहे. त्यात दगडावरची नावं छापणार. मी म्हटलं, एक नाव वाढवा. त्या म्हणाल्या, 'मिस्टर ग्रमिट, मग यादी दगडाशी जुळणार नाही, लोक चूक काढतील.' हेच वाक्य मी तुला सत्त्याण्णव साली वेगळ्या शब्दांत ऐकवलं होतं. शेवटी म्हणाल्या, मागच्या पानावर शोकजाहिरात देता येईल. मी नको म्हणून निघून आलो.

आणखी एक. एकतीस जानेवारीला दुपारी बंधाऱ्यावर प्रार्थना आहे. नवे पाद्री म्हणाले, नावं तुम्ही वाचा, तुमचा आवाज वाऱ्यातही पोचतो. मी नकार दिला. ज्या यादीत ती नाही, ती मी कशाला वाचू?

तुला दिलेला शब्द माझ्याच्याने पाळला गेला नाही. रागव, पण पत्र थांबवू नकोस, एवढंच मागतो.

सिरिल

लेस्टर,
२२ डिसेंबर २००२

प्रिय सिरिल,

पत्र वाचलं आणि राग यायची वाट पाहत बसले. आला नाही. वयच झालं म्हणायचं.

तू मंगळवारी लिहून खणात ठेवतोस आणि मी रविवारी अजून दोघांपुरते बटाटे उकडते. आपण दोघं एकाच माळेचे मणी. जूनपासून एकटा कुढत बसलास, मला एक ओळ लिहिता आली नाही? मी तरी कुठे लिहीत होते म्हणा.

पण एक सांग, तुझी अक्कल गेली कुठे? पाद्री तुझ्या हातात नावं देतो, समोर अख्खं गाव उभं असतं, तारीख एकतीस जानेवारी, वार शुक्रवार. आणि तू म्हणतोस नको? अरे, कागद छापणाऱ्याचा असेल, तोंड तर तुझं आहे. नाव वाचायला का संपादकबाईची सही लागते?

जा आणि वाच. 'के' आला की तिचंही वाच. लोक चूक काढतील तर काढू देत, आयुष्यभर तू त्यांच्या काढल्यास.

मी येणार नाही. समुद्राचं तोंड मला या जन्मात पाहायचं नाही. आग्रह करू नकोस. नाताळची शुभेच्छापत्रं मला दोन आली, एक तुझं आणि एक चष्म्याच्या दुकानाचं.

तुझी,
एनिड

सॉल्टर्सबी,
१ फेब्रुवारी २००३

प्रिय एनिड,

आजच्या तारखेला काय घडलं ते राहू दे. कालचं सांगतो.

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण काय करणार आहे ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. पाद्रींना हो म्हटलं. तेवढंच. त्यांनी नावांचा टाइप केलेला कागद दिला. तिचं नाव मी त्यात पेनने लिहू शकलो असतो. हात धजला नाही. साठ-सत्तर वर्षांची खोड आहे, छापलेल्यात ढवळाढवळ होत नाही.

आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं. बंधाऱ्यावर वारा असा की उभं राहवेना. मला वाटलं होतं दहा-वीस म्हातारे येतील, पण आला सगळा गाव. मुलं, तरुण पोरं, चाकाच्या खुर्च्या. समुद्र ओहोटीला होता, लांब, राखाडी, आपल्याला काही ठाऊकच नाही असा. मी वाचायला लागलो. ॲलन, बार्कर, ब्लँचर्ड. प्रत्येक नावानंतर पाद्री घंटेचा एक टोला देत होते. एप्टन, हार्नेस. हार्नेसच्या खाली कागदावर 'के'चं एकही नाव नाही, थेट लँब आहे. मी हार्नेस वाचलं, घंटा झाली, आणि मी लँबवर बोट ठेवून थांबलो. पाद्री माझ्याकडे पाहायला लागले. मी कागद खाली केला आणि म्हणालो, 'हेझल मार्गरेट काइम. वय चार.' चांगलं मोठ्याने म्हणालो. मागच्या बाकावर पोचवायचा आवाज.

पाद्रींनी आपल्या कागदावर बोट फिरवलं. त्यांना ते नाव सापडेना. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि घंटा वाजवली. मी पुढे लँब वाचलं आणि शेवटपर्यंत गेलो.

वाटलं, झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आलं तरी कोण बोलणार? पाद्री प्रार्थनेला तोंड उघडणार तोच पुढच्या चाकाच्या खुर्चीतून आवाज आला. डोरिस एप्टन. आठवते? बेकरीवाल्यांची. ती म्हणाली, 'ग्रमिट, काइमची पोर वाचलीस, तर आमचा अर्नेस्टही वाच. तो मार्चमध्ये गेला. छाती भरली ती त्याच पाण्याने.' मी तिच्याकडे वळलो. तोंडातून निघून गेलं, 'वय?' ती म्हणाली, 'एकोणीस.' मी म्हणालो, 'अर्नेस्ट एप्टन, वय एकोणीस.' घंटा झाली.

मग मागून एका माणसाने हात वर केला, वर्गात करतात तसा. म्हणाला, 'माझी आई. एल्सी ओडलिंग, एकतीस. त्या रात्रीनंतर अंथरुणातून उठली नाही. ऑगस्टमध्ये गेली.' मग एक बाई, तिची आजी. मग कुणीतरी सिडनी मॉल्टबीचं नाव घेतलं. त्याची सगळी मेंढरं बुडाली होती आणि वसंतात तो बंदूक घेऊन दलदलीत गेला, परत आला नाही. ते नाव या गावात इतक्या वर्षांत कुणी उघड घेतलं नव्हतं. नाव घेणारा त्याचा मुलगा होता, माझ्या वयाचा. मी प्रत्येकाचं वय विचारलं आणि नाव त्याच आवाजात म्हटलं. पाद्री घंटा वाजवत राहिले. किती झाली ते मी मोजलं नाही. मी, एनिड, मोजलं नाही.

संपादकबाई तिथे होत्या. त्या छापतील की नाही, सांगता येत नाही. यादी दगडाशी जुळणार नाही, ते मात्र नक्की.

नंतर लोक माझ्याभोवती उभे राहिले. एकेकाने माझा हात हातात घेतला, झालं. एका बाईने तुझी चौकशी केली. मी तुझा नंबर दिला. न विचारता दिला, रागावू नकोस.

घरी येऊन हे सगळं लिहून काढावं म्हटलं, तर मंगळवारच्या कागदावर हात जाईना. तुलाच लिहितोय. वाऱ्याने माझी टोपी समुद्रात नेली. नवी घ्यावी लागेल.

तुझा भाऊ,
सिरिल

लेस्टर,
१० फेब्रुवारी २००३

प्रिय सिरिल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. वाचलं आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं. बुधवारी, तिच्या दिवशी, खाली चहाला गेले तेव्हा ते खिशातच होतं. मिसेस पोलार्डला सांगावं असं मनात आलं. तोंड उघडलं आणि ती आपल्या थोरल्याबद्दल बोलायला लागली. मग राहिलं. इतक्या वर्षांची सवय, एका दिवसात जात नाही.

मला वाटलं होतं, नाव घेतलं गेलं की मला काहीतरी मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही, खोटं कशाला सांगू. तुझं पत्र वाचून मी रडलेही नाही. खोली तशीच, खिडकीतून तोच वाहनतळ. उलट वाटलं, ते सगळे तिथे होते, अर्नेस्ट एप्टनचे, ओडलिंगबाईचे, आणि माझ्या पोरीचं नाव घेतलं गेलं तेव्हा तिथे तिचं कुणी नव्हतं. तू होतास, ते खरं. पण तिची आई इथे बटाटे सोलत होती. गुडघे दुखतात म्हणून नाही, हट्टाने आले नाही मी. ते आता मला खातंय.

काल दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, वयस्क, बोलणं अस्सल सॉल्टर्सबीचं. ते बोलणं माझे कान विसरले होते. ती म्हणाली, तिचं नाव ब्रेंडा, आमच्या मागच्या बंगल्यात राहायची, तेव्हा सात वर्षांची होती. पण हे सगळं ती नंतर बोलली, आणि मग आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत बसलो. सुरुवातीला फोन उचलून मी माझा नंबर सांगितला, तर पलीकडून तो परत विचारला. मला वाटलं चुकून लागला असेल, ठेवून द्यावा. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, 'हेझलची आई का?'

पन्नास वर्षांत मला कुणी या नावाने हाक मारली नव्हती, सिरिल. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, हो, मीच बोलतेय.

एनिड